पुरावे तेच, खुनी मात्र तीन!

बोर्ड गेमवरून काढलेला, थिएटरमध्ये आपटलेला आणि नंतर तरुणाईने डोक्यावर घेतलेला ‘क्लू’ हा सिनेमा. एक बंगला, सहा पाहुणे, सहा मृतदेह, तीन शेवट आणि पोट धरून हसणं. या वीकेंडला गँगसोबत बघाच. बघून झाला की तुमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा.

विरारहून चर्चगेट फास्ट पकडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बसायला जागा मिळो न मिळो, पाच मिनिटांत चार डोकी एका मोबाइलवर वाकतात आणि लुडो सुरू होतो. नालासोपारा येईपर्यंत कुणाची तरी सोंगटी मरते. भाईंदरच्या खाडीवर गाडी पोचते तोवर बदलाही घेऊन झालेला असतो. बाजूला लटकलेले, ओळखपाळख नसलेले काकासुद्धा ‘अरे, ती हिरवी काढ ना!’ म्हणून फुकटचा सल्ला देऊन जातात.

हा लुडो मूळचा आपलाच, हे तुम्हाला माहीत असेल. घरात आजी असेल तर विचारा, ती सारीपाट म्हणेल, सोंगट्या म्हणेल, कवड्या टाकून खेळायची पचीसी म्हणेल. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला फासा जोडला, नियम सोपे केले आणि लॅटिन नाव दिलं. लुडो म्हणजे ‘मी खेळतो’. २०१६ मध्ये नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने ‘लुडो किंग’ काढला आणि आजीचा पट फिरून आपल्या हातात आला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर तो घराघरात घुसला.

पण याच लुडोची शेपटी लावून इंग्लंडमध्ये आणखी एक खेळ जन्माला आला, हे कदाचित माहीत नसेल. ‘क्लू’ म्हणजे धागादोरा. त्यात ‘लुडो’ मिसळा. झालं ‘क्लूडो’. अमेरिकेत लुडो हे नाव कुणाच्या ओळखीचं नव्हतं, म्हणून तिथे शेपटी कापून नुसतं ‘क्लू’ उरलं. या खेळावर १९८५ मध्ये जो सिनेमा आला, त्याची ही गोष्ट.

ब्लॅकआउटमधला टाइमपास

खेळ शोधला अँथनी प्रॅट या पियानोवादकाने. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तो मोठमोठ्या हॉटेलांत पियानो वाजवायचा. तिथे श्रीमंत पाहुणे संध्याकाळी ‘खून-खून’ खेळायचे. कुणीतरी किंचाळून पडायचं आणि बाकीच्यांनी खुनी शोधायचा. मग युद्ध आलं. बर्मिंगहॅममध्ये बॉम्बच्या भीतीने रात्री दिवे घालवून घरात बसायची वेळ आली. पार्ट्या बंद, पाहुणे बंद, पियानोही बंद. प्रॅट कारखान्यात कामाला लागला आणि त्या हॉटेलांमधली मजा त्याने कागदावर उतरवायला घेतली. बंगल्याच्या नकाशासारखा दिसणारा पट त्याची बायको एल्वा हिने काढला. १९४४ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, आणि युद्धानंतरच्या टंचाईमुळे रखडत रखडत १९४९ मध्ये वॉडिंग्टन्स या कंपनीने खेळ बाजारात आणला.

लॉकडाऊनमध्ये आपण काय केलं आणि ब्लॅकआउटमध्ये प्रॅट पती-पत्नीने काय केलं, याची तुलना न केलेलीच बरी.

खेळ असा. सहा संशयित, आणि प्रत्येकाच्या नावात एक रंग: मिस स्कार्लेट, कर्नल मस्टर्ड, मिसेस व्हाइट, मिस्टर ग्रीन, मिसेस पीकॉक आणि प्रोफेसर प्लम. सहा हत्यारं: मेणबत्तीचा स्टँड, खंजीर, शिशाचा पाइप, पिस्तूल, दोर आणि पाना. बंगल्यात नऊ खोल्या. प्रत्येकाचं एक कार्ड, म्हणजे एकूण २१ कार्डं. त्यातला एक संशयित, एक हत्यार आणि एक खोली न बघता पाकिटात टाकायची. तोच त्या डावातला गुन्हा. उरलेली १८ कार्डं खेळणाऱ्यांमध्ये वाटायची.

आता गणित करा. सहा गुणिले सहा गुणिले नऊ, म्हणजे ३२४ शक्यता. तुमच्या हातात जी कार्डं आहेत ती पाकिटात नाहीत, एवढंच तुम्हाला ठाऊक असतं. बाकीचं विचारून काढायचं. ‘लायब्ररीत, दोराने, मिसेस पीकॉकने?’ असं तुम्ही म्हणायचं, आणि यापैकी एखादं कार्ड ज्याच्याकडे असेल त्याने ते फक्त तुम्हाला गुपचूप दाखवायचं. म्हणजे ती शक्यता गेली.

बघा, लुडोत नशीब हवं, इथे चिकाटी लागते. ‘खुनी कोण?’ हा प्रश्न थेट कधीच सुटत नाही. आधी ‘खुनी कोण नाही?’ हे एकेक करून खोडत जायचं. शेवटी जे खोडता येत नाही, ते उत्तर.

आणि एक नियम फार कडक आहे. पूर्ण खात्री झाली की ‘आरोप’ करायचा आणि पाकीट उघडून बघायचं. चुकलात तर डावातून बाद. बाकीचे खेळत राहतात, तुम्ही फक्त कार्डं दाखवायला बसून राहायचं. हा नियम डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

नकली नावं, खरे घोळ

आता या खेळाचा सिनेमा कसा करणार? ना गोष्ट, ना हिरो, ना गाणी. नुसता पट आणि कार्डं. हे काम जोनाथन लिन या इंग्रज लेखक-दिग्दर्शकाकडे आलं. सरकारी बाबूगिरीची टर उडवणारी ‘येस मिनिस्टर’ ही गाजलेली मालिका त्याने अँटनी जे यांच्यासोबत लिहिली होती. आणि हो, लिनचं शिक्षण कायद्याचं. केंब्रिजमध्ये तो लॉ शिकला होता.

गोष्ट १९५४ सालची. पावसाळी रात्र, कडाडणारी वीज, गावाबाहेरचा एकाकी बंगला. सहा अनोळखी पाहुण्यांना पत्र पाठवून बोलावलंय आणि प्रत्येकाला एक नकली नाव दिलंय, तीच ती रंगीत नावं. दारात वॉड्सवर्थ नावाचा बटलर. जेवण होता होता कळतं की या सहाही जणांना एकच माणूस ब्लॅकमेल करतोय, आणि तोही आता याच घरात आलाय. तो सहा जणांना सहा गिफ्ट बॉक्स देतो. उघडले तर प्रत्येकात एक हत्यार. दिवे जातात, गोळीचा आवाज येतो, दिवे येतात. ब्लॅकमेलर जमिनीवर.

यापुढचं सांगत नाही. फक्त एवढंच, की सिनेमा संपेपर्यंत खेळातली सहाही हत्यारं वापरून झालेली असतात आणि मृतदेहही तेवढेच पडलेले असतात. आणि तरी तुम्ही हसत असता.

हसवण्याचं श्रेय त्या टोळीला. बटलर झालेला टिम करी शेवटी अख्ख्या रात्रीचा घटनाक्रम एकटा, धावत-पळत, धापा टाकत, प्रत्येकाची नक्कल करत पुन्हा करून दाखवतो. तो सीन अभिनय शिकणाऱ्या प्रत्येकाने बघावा. ‘बॅक टू द फ्यूचर’मधला डॉक, म्हणजे क्रिस्टोफर लॉइड, इथे लंपट प्रोफेसर प्लम आहे, दोन्ही सिनेमे एकाच वर्षीचे. मॅडलिन कान ही मिसेस व्हाइट. तिच्या तोंडी राग व्यक्त करणारं एक अडखळतं, अर्धवट वाक्य आहे. ते तिने आयत्या वेळी कॅमेऱ्यासमोर जुळवलं आणि आज चाळीस वर्षांनी त्याचेच मीम्स फिरतात.

मराठी नाटकं बघून मोठं झालेल्याला हा सिनेमा अजिबात परका वाटणार नाही. हा आपल्या ओळखीचा फार्स आहे. बबन प्रभूंचं ‘झोपी गेलेला जागा झाला’ किंवा ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ आठवा. एक घर, भरपूर दारं, लपवाछपवी, आणि एक थाप निस्तरायला दुसरी थाप. इथे थापांच्या जागी मृतदेह आहेत, बाकी धावपळ तीच. एकांकिका करणाऱ्यांनो, नोट करा: एक घर, एक रात्र आणि डझनभर पात्रं. अमेरिकेत या सिनेमाचं नाटकही झालंय आणि तिथल्या शाळांचा तो आवडता प्रयोग आहे.

आपल्याकडची भावंडं

बंद घर आणि एकेक करून पडणारी माणसं, हा प्रकार आपल्याकडे ‘क्लू’च्या वीस वर्षं आधी हिट झालाय. १९६५ चा ‘गुमनाम’. दिग्दर्शक राजा नवाथे, नायिका मास्टर विनायकांची मुलगी नंदा. लॉटरीत सहल लागलेल्या लोकांना विमान भलत्याच ठिकाणी सोडून जातं. त्यांना एक बंगला सापडतो आणि बंगल्यात एक बटलर. तो बटलर म्हणजे मेहमूद. खून एकीकडे, मेहमूदची धमाल एकीकडे. मूळ कल्पना अगाथा ख्रिस्तीची, पण आपण त्यात हेलन, गाणी आणि कॉमेडी घालून त्याचं रसायन केलं.

मराठीत रहस्यकथा म्हटली की पहिलं नाव बाबुराव अर्नाळकरांचं. या टोपणनावातच आपलं अर्नाळा आहे. झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक. हजारावर पुस्तकं लिहिली या माणसाने! तुमच्या आजोबांनी शाळेच्या पुस्तकात लपवून वाचलेली असण्याची दाट शक्यता. सिनेमाचं म्हणाल, तर चंद्रकांत कुलकर्णींचा ‘बिनधास्त’ (१९९९) शोधून बघा. कॉलेजातल्या मैत्रिणी आणि एक खून. हा मराठी सिनेमा इतका जमून आला की प्रियदर्शनने त्यावरून तमिळमध्ये ‘स्नेहितिये’ केला.

आणि अलीकडचं पाहिजे तर ‘नाइव्ह्ज आउट’ची मालिका आहेच. गंमत म्हणजे ‘ग्लास अनियन’मध्ये त्यातला जगातला सगळ्यात हुशार डिटेक्टिव्ह स्वतः सांगतो की ‘क्लू’ हा खेळ त्याला अजिबात आवडत नाही.

तीन थिएटरं, तीन खुनी

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. ‘क्लू’चे तीन शेवट शूट झाले आणि तिन्ही वापरले गेले. चौथाही झाला होता, तो काढून टाकला. १३ डिसेंबर १९८५ ला सिनेमा अमेरिकेत लागला तेव्हा प्रत्येक थिएटरला एकच शेवट पाठवला होता. एका थिएटरात ‘ए’, दुसऱ्यात ‘बी’, तिसऱ्यात ‘सी’. म्हणजे समजा, तुम्ही वसईत बघितलात आणि तुमच्या मित्राने विरारमध्ये, तर दोघांचा खुनी वेगळा! निर्मात्यांचा हिशोब सरळ होता. लोक भांडतील, मग उरलेले शेवट बघायला परत तिकीट काढतील.

झालं उलटंच. तीनपैकी कुठला बघायचा या गोंधळात लोकांनी एकही बघितला नाही. दीड कोटी डॉलर खर्चून केलेल्या सिनेमाला तेवढीही तिकीटविक्री जमली नाही. समीक्षकांनीही नाकं मुरडली.

वाचवलं ते व्हिडिओ कॅसेटने. घरी बघायच्या आवृत्तीत तिन्ही शेवट एकामागोमाग एक जोडले. पहिला संपतो, पाटी येते की असंही घडलं असेल. मग दुसरा. मग पाटी येते की पण खरं असं घडलं. मग तिसरा. सुट्टीत घरी लोळत पडलेल्या मुलांनी तो पुन्हा पुन्हा बघितला, डायलॉग पाठ केले, आणि आपटलेला सिनेमा कल्ट झाला.

पण थिएटरात फसलेली ती आयडिया आणि घरी जमलेली गंमत यांत एक मोठा फरक आहे. एकच शेवट बघितला की तुम्ही म्हणता, ‘अच्छा, हा होता तर खुनी. मला वाटलंच होतं.’ तिन्ही सलग बघितले की बोलती बंद होते. कारण तीनही वेळा बटलर तोच सगळा घटनाक्रम सांगतो, तेच पुरावे मांडतो, आणि तीनही वेळा तुम्हाला ते पटतं!

असं कसं होतं? जरा खोलात जा. ब्लॅकमेल सगळ्यांनाच होत होतं, म्हणजे खुनाचं कारण सगळ्यांकडे. दिवे गेले तेव्हा सगळे एकाच खोलीत, म्हणजे संधी सगळ्यांना. घर शोधायला जोड्या करून सगळे पांगले, म्हणजे क्षणभर नजरेआड कुणीही झालेलं. हत्यारं कपाटात बंद, पण पुढे तेही उघडलेलं. यातली एकही गोष्ट एकाच माणसाकडे बोट दाखवत नाही. जो पुरावा सगळ्यांना लागू पडतो, तो कुणाच्याच विरुद्ध पुरावा नसतो. पण ठासून, भरभर, आत्मविश्वासाने सांगणारा एक वॉड्सवर्थ मिळाला की आपण मान डोलवतो. पाहुणेही डोलवतात, आपणही.

खेळात आपण एकेक शक्यता खोडत जातो. सिनेमा दाखवतो की खोडायचा कंटाळा केला तर काय होतं.

टीव्हीवर चाललेली ती सुनावणी

सिनेमाच्या सुरुवातीला एक छोटी गोष्ट सहज निसटते. किचनमध्ये टीव्ही चालू आहे आणि त्यावर जोसेफ मॅकार्थीची सुनावणी लागली आहे. १९५४ च्या अमेरिकेत हे रोजचं होतं. मॅकार्थी हा सिनेटर. सरकारात कम्युनिस्ट घुसलेत, माझ्याकडे त्यांची यादी आहे, असं तो १९५० पासून सांगत सुटला होता. नुसत्या संशयावर माणसांच्या नोकऱ्या गेल्या, मित्र तुटले. त्याच काळात समलिंगी असणं हेसुद्धा सरकारी नोकरीतून काढायला पुरेसं कारण होतं. सिनेमातला मिस्टर ग्रीन परराष्ट्र खात्यात नोकरीला आहे आणि त्याचं गुपित तेच, असं तो सांगतो.

म्हणजे लिनने हे साल उगाच निवडलेलं नाही. ज्या देशात प्रत्येक जण शेजाऱ्याकडे संशयाने बघतोय, त्या देशातलं एक घर त्याने घेतलं आणि त्यात सगळ्यांना कोंडलं. ब्लॅकमेलरचा धंदा चालतो तो लोकांच्या पापांवर नाही, लोक काय म्हणतील या भीतीवर.

त्याच लिनने १९९२ मध्ये ‘माय कझिन विनी’ केला. तोही कॉमेडीच. त्यात तुमच्याच वयाची, कॉलेजातली दोन मुलं गाडीने जात असताना एका दुकानात थांबतात आणि थोड्याच वेळात खुनाच्या आरोपाखाली आत जातात. साक्षीदारांनी त्यांना बघितलंय, गाडी तशीच, रंग तसाच. सगळे पुरावे ‘फिट’. मग एक नवखा वकील एकेका साक्षीदाराला साधे प्रश्न विचारतो. तुम्ही किती लांब होता? मध्ये काय काय होतं? चष्म्याचा नंबर किती? आणि तो भक्कम पुरावा डोळ्यांदेखत विरघळतो. दोन्ही सिनेमे पाठोपाठ बघितलेत तर लॉचा एक लेक्चर अटेंड केल्यासारखं होईल, तेही हसत हसत.

आणि आपला ग्रुप

आता जरा आपल्याकडे बघा. सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीची क्लिप येते. धूसर चेहरा, पाठमोरा माणूस, खाली मेसेज: हाच तो चोर, सगळीकडे पाठवा. क्लास ग्रुपवर कुणाचा तरी स्क्रीनशॉट येतो, अर्धा कापलेला. अर्ध्या तासात निकाल लागतो. कोण बोललं, का बोललं, वरच्या चार ओळी कुठे गेल्या, हे विचारणारा ‘तू त्याच्या बाजूने का?’ म्हणून गप्प केला जातो. पहिला शेवट बघून आपण थिएटरमधून बाहेर पडलेलो असतो.

हे सगळं टाइमपासवर थांबत नाही, हे आपल्या जिल्ह्याला तरी सांगायची गरज नसावी. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या हातून मारले गेले. त्या भागात रात्री चोर, मुलं पळवणारे फिरतायत अशा अफवा आधीच पसरल्या होत्या. त्याच्या दोन वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना मारलं. ते पाचही जण भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या समाजातले होते. त्या वर्षी देशभर अशा घटना झाल्या आणि जुलैमध्येच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

त्या माणसांच्या बाबतीतही ‘पुरावा’ होताच. गाडी अनोळखी. चेहरे अनोळखी. वेळ रात्रीची, किंवा कपडे वेगळे. हे सगळं कुणालाही लागू पडणारं. तुम्ही मित्रांसोबत बाइकवरून मोखाड्याला, जव्हारला गेलात आणि रात्री रस्ता चुकलात, तर तुम्हालाही लागू पडणारं. फरक इतकाच की सिनेमात पाटी येते, ‘असंही घडलं असेल’, आणि सगळे मेलेले पुन्हा उठून दुसऱ्या शेवटाला तयार होतात.

कॉमेडी बघायला सांगून हे काय काढलं, असं वाटेल. पण ‘क्लू’ बघितल्यावर डोक्यात राहतं ते हेच. आपण किती पटकन आणि किती आनंदाने पटवून घेतो, हे या सिनेमाइतकं हलकेफुलके कुणी दाखवलेलं नाही. तिसरा शेवट सुरू होताना तुम्ही जे हसता, ते थोडं स्वतःलाच हसता.

बघायचा कसा?

एकट्याने हेडफोन लावून नको, गँगने बघा. दीड तासाचा मामला आहे. बटलर पळत पळत सगळं समजावून सांगायला लागला आणि दिवे घालवायच्या बेतात आला, की पॉज. प्रत्येकाने चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचं आणि खाली एक कारण. पहिला शेवट बघा. ज्यांचं बरोबर आलं त्यांना पाच मिनिटं भाव खाऊ द्या. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी चिठ्ठ्यांवरची कारणं मोठ्याने वाचा. कुठलं कारण एकाच माणसाला लागू पडत होतं, ते शोधा. आमचा अंदाज, फार थोडी टिकतील. आणि हो, काटेकोर बघितलं तर सिनेमाचेही काही टाके उसवलेले सापडतील. ते शोधणं हा बोनस राउंड.

घरच्या घरी: वसईचा ‘क्लू’

बाजारातला सेट महाग वाटतोय? खून नको असेल तर हे करा. जुन्या लग्नपत्रिका कापून सारख्या मापाची २१ कार्डं बनवा.

गुन्हा: आजीने पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली सुकेळी गायब झाली आहे! कुणी पळवली, कशात लपवून आणि कुठे बसून खाल्ली?

संशयित (६): सीआर, प्रोफेसर अटेंडन्स, मिस लेटमार्क, कॅप्टन कव्हर ड्राइव्ह, डान्स ग्रुपची लीडर, विंडो सीटवाला.

कशात लपवून (६): स्टीलचा डबा, लॅपटॉप बॅग, हेल्मेट, छत्री, गिटारची केस, क्रिकेटची किट.

कुठे (९): वसई किल्ला, अर्नाळा बीच, जीवदानीच्या पायऱ्या, तुंगारेश्वर, सुरुची बाग, निर्मळची जत्रा, विरार स्टेशन, कॉलेज कॅन्टीन, आजीच्याच घराचा माळा.

तिन्ही गठ्ठे वेगळे पिसा. प्रत्येकातलं एक कार्ड न बघता पाकिटात टाका. उरलेली १८ एकत्र पिसून वाटा. तीन जण असाल तर सहा-सहा, सहा जण असाल तर तीन-तीन. तुमची पाळी आली की एक अंदाज बोला: ‘मिस लेटमार्क, हेल्मेटमध्ये, वसई किल्ल्यावर.’ डावीकडच्याकडे यातलं एखादं कार्ड असेल तर त्याने एकच, फक्त तुम्हाला दाखवायचं. नसेल तर त्याच्या डावीकडच्याने. तुम्ही ते आपल्या कागदावर खोडायचं, तोंड उघडायचं नाही.

पट नाही, फासा नाही, चार्जिंगही लागत नाही. विरार लोकलमध्ये चार सीटच्या मध्ये बॅग ठेवून सहज चालेल. काका सल्ला द्यायला आले तर त्यांनाही तीन कार्डं देऊन टाका.

फक्त प्रॅटचा तो नियम मात्र सोडू नका. खात्री झाली की एकदाच आरोप करायचा आणि पाकीट उघडून बघायचं. बरोबर आलं तर सुकेळी तुमची. चुकलं तर कार्डं गुपचूप पुन्हा पाकिटात ठेवायची, आणि तो डाव तुम्ही बाद. ‘आलं तसं फॉरवर्ड केलं’ असं म्हणायची सोय या खेळात नाही.